फार्जेसिया म्युरिएली: एकाच रोपातून पसरलेल्या बांबूचे प्रकरण

१९७५ साली डेन्मार्कमधल्या काही बागांत शोभेच्या एका बांबूला फुलोरा आला. पुढच्या वीस-बावीस वर्षांत तोच बांबू जर्मनी, नेदरलँड्स, ब्रिटन असा देशोदेशी फुलत गेला आणि जिथे फुलला तिथे वाळून गेला. वर्षानुवर्षे जोपासलेली हिरवी कुंपणे एक-दोन मोसमांत गवताच्या पेंढीसारखी दिसू लागली. पाणी कमी पडले नव्हते, खत कमी पडले नव्हते, कीडही लागली नव्हती. निगा उत्तम राखूनही झाड हातचे जावे, याहून बागकाम करणाऱ्याला अस्वस्थ करणारे दुसरे काय असेल?

हे प्रकरण आपल्याकडे बांबू लावणाऱ्यांनी मुळातून समजून घ्यावे असे मला फार वाटते. बांबूची निगा म्हटली की आपण पाणी, खत, विरळणी यांवर तासन्‌तास बोलतो. बांबूच्या वयाबद्दल मात्र कोणी विचारत नाही. नर्सरीतून आणलेले रोप छोटे दिसते म्हणून ते कोवळे आहे असे धरून चालतो. म्युरिएलीच्या बाबतीत नेमका हाच समज एका खंडभर पसरला होता.

बागेत आला कसा

अर्नेस्ट हेन्री विल्सन हे चीनमधून वनस्पती गोळा करून आणणारे इंग्रज संग्राहक. आधीच्या दोन मोहिमा त्यांनी व्हीच या इंग्लंडमधल्या रोपवाटिकेसाठी केल्या आणि १९०७ साली अमेरिकेतल्या बोस्टनच्या आर्नल्ड आर्बोरेटम या वृक्षोद्यानासाठी ते पुन्हा चीनला गेले. त्या वर्षी हुबेई प्रांताच्या डोंगराळ भागात त्यांना हा बांबू मिळाला. त्याचे जिवंत रोप बोस्टनला पोचले, १९१३ मध्ये त्यातलाच एक भाग लंडनच्या क्यू उद्यानात गेला आणि तिथून तो युरोपभर पसरला. विल्सन यांनी आपल्या मुलीचे, म्युरिएलचे नाव या बांबूला दिले.

१९२० मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन केले जेम्स साइक्स गॅम्बल यांनी. हे गॅम्बल भारतीय वनखात्यात होते, डेहराडूनच्या वनविद्यालयाचे प्रमुख होते आणि ब्रिटिश भारतातल्या बांबूंवरचा त्यांचा मोठा ग्रंथ १८९६ मध्ये निघाला होता. बांबूची एवढी जाण असलेल्या माणसापुढेही एक अडचण होतीच. गवतकुळातल्या वनस्पतींची नेमकी ओळख फुलांवरून पटते आणि या बांबूला फुले नव्हती. पाने, खोड, फांद्या एवढ्यावरून नाव ठेवावे लागले. पुढे हे नाव अरुंडिनारिया, सिनारुंडिनारिया, थॅम्नोकॅलॅमस अशा वेगवेगळ्या प्रजातींत, म्हणजे जवळच्या जातींच्या गटांत, फिरत राहिले आणि शेवटी फार्जेसियात स्थिरावले. जुन्या नर्सरींच्या याद्यांत एकच झाड चार नावांनी सापडते ते यामुळे.

बागेसाठी हा बांबू खरोखर गुणी आहे. तीन-चार मीटर उंची, बोटाएवढी जाड काठी, नव्या काठीवर निळसर-पांढरी भुकटी आणि वरून कारंज्यासारखा खाली झुकणारा बारीक पानांचा झुबका. उणे पंचवीस अंशांच्या आसपासची थंडी तो काढतो. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे त्याचे बेट जागच्या जागी वाढते. युरोपात शोभेसाठी लावले जाणारे फायलोस्टॅकिस प्रजातीचे बरेच बांबू जमिनीखालून लांब धावतात, शेजाऱ्याच्या हिरवळीत कोंब काढतात आणि त्यांना आवरायला साठ-सत्तर सेंटिमीटर खोल जाड प्लॅस्टिकची भिंत पुरावी लागते. म्युरिएलीचे कंद आखूड मानेचे असतात, बेटाचा घेर सावकाश वाढतो आणि असली भिंत लागत नाही. छोट्या बागेच्या मालकाला आणखी काय हवे? कुंपणाला, तळ्याकाठी, कुंडीत, सगळीकडे हाच बांबू लागत गेला.

रोपे कशी वाढवली गेली

प्रकरणाची खरी गाठ इथे आहे. बी मिळत नसल्याने अभिवृद्धीचा मार्ग एकच होता, तो म्हणजे बेट फोडणे. वसंतात बेटाचा एक गड्डा काढायचा, त्यात दोन-चार काठ्या आणि त्यांचे कंद राहतील असे पाहायचे आणि तो नव्या जागी लावायचा. पुढे नर्सरीवाले हेच मोठ्या प्रमाणावर करू लागले. म्हणजे युरोपातल्या बागांमधले जवळजवळ प्रत्येक म्युरिएली हे १९०७ साली हुबेईतून निघालेल्या त्या एकाच रोपाचा तुकडा होते. माणसांच्या हिशेबी ती असंख्य झाडे होती, वनस्पतीच्या हिशेबी एकच.

कोकणातल्या माणसाला हे हापूसच्या कलमावरून लगेच कळेल. हापूसचे प्रत्येक कलम म्हणजे मूळ झाडाची फांदीच असते. मात्र आंबा दरवर्षी मोहरतो आणि जगतो. म्युरिएलीसारखे बांबू आयुष्यात एकदाच फुलतात, बी धरतात आणि मरतात. बी रुजल्यापासून त्यांच्या पेशींत वर्षांची मोजणी सुरू होते. गड्डा फोडून दुसरीकडे लावला म्हणून ती मोजणी पुन्हा शून्यावर येत नाही. १९८५ साली नर्सरीतून आणलेले हातभर रोप बागेच्या मालकाला नवे वाटे, पण त्याची मोजणी १९०७ च्याही आधी, चीनमधल्या कुठल्यातरी उतारावर सुरू झालेली होती.

या जातीचे फुलोऱ्याचे चक्र सुमारे ८० ते ११० वर्षांचे असावे असा अंदाज आहे. पेशी ही वर्षे कशी मोजतात, हे कोडे वनस्पतिशास्त्राला पूर्ण उलगडलेले नाही. इतका काळ थांबून सगळ्यांनी मिळून का फुलावे, याचे एक पटण्यासारखे कारण अमेरिकी परिस्थितिकीतज्ज्ञ डॅनियल जॅन्झेन यांनी १९७६ मध्ये मांडले. थोडे थोडे बी दरवर्षी पडले तर उंदीर-पक्षी ते फस्त करतील. एकदम प्रचंड बी पडले तर त्यांना सगळे खाऊन संपवता येत नाही आणि उरलेले रुजते. मिझोराममध्ये १९११, १९५९ आणि २००७ साली मेलोकॅना जातीचा बांबू फुलला तेव्हा हेच घडले. बियांवर उंदरांची संख्या बेसुमार वाढली, बी संपल्यावर ते उंदीर शेतांत शिरले आणि १९५९ नंतर तिथे दुष्काळ पडला. विदर्भातल्या जुन्या माणसांनाही बांबूचा फुलोरा हे दुष्काळाचे लक्षण वाटते. त्याला केवळ अंधश्रद्धा म्हणून बाजूला सारू नये, त्यामागे पाहिलेले काहीतरी आहे.

फुलोरा कसा दिसला आणि का थांबवता आला नाही

सगळी झाडे एकाच दिवशी फुलली असे झाले नाही. १९७५ मध्ये थोडी फुलली, ऐंशीच्या दशकात आणखी काही आणि नव्वदच्या दशकात बाकीची मोठ्या संख्येने. शतकभराच्या मोजणीत वीस वर्षांचा मागेपुढेपणा फार नव्हे. बागेच्या मालकाला मात्र तो फसवतो. शेजारचे बेट फुलले आणि आपले हिरवेगार आहे, म्हणजे आपले वाचले, असे त्याला वाटू शकते.

फुलोऱ्याची चिन्हे ओळखून ठेवण्याजोगी आहेत, कारण ती आपल्या बांबूंनाही लागू पडतात. बहुतेकदा आधी नव्या कोंबांची संख्या घटते. मग फांद्यांच्या टोकांना पानांऐवजी गवताच्या ओंबीसारखे काहीतरी दिसू लागते आणि जवळून पाहिले तर त्यातून बारीक पुंकेसर लोंबताना दिसतात. परागण वाऱ्याने होते, म्हणून रंगीत पाकळ्या नसतात आणि पहिल्या मोसमात कित्येकांच्या ते लक्षातच येत नाही. पुढे पानांच्या फांद्या कमी होत जातात आणि फुलांच्या वाढतात. बेट तपकिरी, झिपरे दिसू लागते. बी भरते, गळते आणि काठ्या वाळतात.

अशा वेळी मनाला येणारे उपाय सगळ्यांनाच सुचतात: फुललेल्या काठ्या छाटणे, बेट जमिनीलगत कापणे, नत्राचा भरपूर मारा करणे, पाणी वाढवणे. म्युरिएलीवर यांचा उपयोग झाला नाही. कारण साधे आहे. बांबूची ताकद कंदांत साठलेली असते आणि पाने ती भरत राहतात. फुलोऱ्याच्या काळात पानांची जागा फुले घेतात, म्हणजे येणारे अन्न घटते, आणि साठलेले अन्न बियांकडे वळते. छाटले तर उरल्यासुरल्या साठ्यातून जी फूट येते तिलाही फुलेच येतात, कारण प्रत्येक डोळ्याची मोजणी पूर्ण झालेली असते. खत घालून हे वळवता येत नाही. माझ्या मते या टप्प्यावर पैसा आणि कष्ट बेटावर घालवण्यात अर्थ नाही, ते बियांवर घालवावेत.

आपल्याकडे घाबरण्याची दुसरीही एक तऱ्हा आहे. बांबूची पाने पिवळी पडून गळू लागली की लोक बेट मेले म्हणतात. म्युरिएली शरद ऋतूत आपली बरीच पाने पिवळी करून गाळतो, आपले बांबू उन्हाळ्याच्या तोंडाशी गाळतात. ही नेहमीची पानगळ आहे. फांदीच्या टोकाला नवे पान येते आहे की ओंबी, एवढे पाहिले की फरक कळतो. तशीच एखाद्याच काठीला किंवा फांदीला फुले आली आणि बाकीचे बेट जोमात कोंब काढते आहे, असेही काही जातींत होते. त्या वेळी ती काठी बुडापासून काढून बेटाकडे लक्ष ठेवावे, घाईने बेट खणू नये.

पुढची पिढी

हानी मोठी होती हे खरे, पण मेलेल्या बेटांखाली गवतासारखी रोपे दाटून उगवली. म्युरिएलीचे बी स्वतःच्याच परागकणांवर धरले होते, तरी ते उगवणारे होते. ज्यांनी वाळलेले बेट पाहून लगेच माती उलथली त्यांच्या हातून ही रोपे गेली, ज्यांनी वाट पाहिली त्यांना ती फुकट मिळाली.

या रोपांमध्ये आश्चर्य वाटावे इतकी विविधता निघाली. एकाच झाडाचे गुण बियांमध्ये नव्याने वाटले गेले की दबलेले गुण वर येतात. कोणी ठेंगणे आणि दाट, कोणी ताठ, कोणी मोठ्या पानांचे. त्यातली चांगली निवडून त्यांना नावे देण्यात आली. ‘सिम्बा’ हा ठेंगणा, दोन मीटरच्या आसपास राहणारा वाण छोट्या बागांसाठी आणि कुंड्यांसाठी लोकप्रिय झाला, ‘जम्बो’ हा जोमदार वाण कुंपणासाठी. आज युरोपात जो म्युरिएली विकत मिळतो तो बहुतेक या नव्या पिढीचा असतो. त्याची मोजणी नुकतीच सुरू झाली आहे, म्हणून लावणाऱ्याला त्याच्या हयातीत तरी फुलोऱ्याची काळजी नाही.

रोपे वाढवताना धीर लागतो. बांबूची काठी जमिनीतून बाहेर येते तीच आपल्या पूर्ण जाडीची. नंतर ती जाड होत नाही आणि एका मोसमात तिची उंचीही पूर्ण होते. म्हणून बियांपासून आलेले रोप पहिल्या वर्षी गवताच्या काडीएवढे असते, दुसऱ्या वर्षी त्याहून जाड कोंब काढते, तिसऱ्या वर्षी आणखी जाड. बागेत उठून दिसेल असे बेट व्हायला कित्येक वर्षे जातात. या काळात अर्धी सावली, ओल धरणारी पण पाणी न साचणारी माती आणि स्वतःच्याच गळलेल्या पानांचे आच्छादन द्यावे. ती पाने झाडून टाकू नयेत. बांबू मातीतून सिलिका घेतो आणि ती पानांवाटे मातीला परत मिळते.

लंडन, म्युनिक, कोपनहेगन अशा ठिकाणी घर केलेल्या मराठी माणसांसाठी इथे दोन शब्द. म्युरिएलीला दुपारचे कडक ऊन सोसत नाही, पाने सुरळीसारखी वळतात. ती पाणी वाचवण्याची त्याची रीत आहे. संध्याकाळी पाने उलगडली तर काळजी नको. कुंडीतल्या झाडाला हिवाळ्यातही, माती गोठलेली नसेल त्या दिवशी, पाणी द्यायला विसरू नका, कारण हिवाळ्यातही त्याला पाने असतात आणि वाऱ्याने ती सुकतात. खत वसंतात, कोंब फुटायच्या सुमाराला. दरवर्षी जुन्या, फिक्या पडलेल्या काठ्या बुडातून काढल्या की बेट मोकळे राहते. हा बांबू भारतात, विशेषतः देशावर किंवा विदर्भात, मागवून लावू नये. डोंगरातल्या थंड हवेचे झाड आहे, आपल्या उन्हाळ्यात टिकणार नाही.

नायटिडाचा धडा

म्युरिएलीचे प्रकरण ‘एकच रोप होते म्हणून असे झाले’ एवढ्यावर संपवता आले असते, पण त्याचा भाऊबंद तसे करू देत नाही. फार्जेसिया नायटिडा या जातीचे बी रशियन प्रवासी ग्रिगोरी पोतानिन यांनी १८८६ मध्ये चीनच्या गान्सू प्रांतातून आणले. सेंट पीटर्सबर्गला ते रुजवले गेले आणि १८८९ च्या सुमाराला इंग्लंडमध्ये पोचले. इथे सुरुवात बियांपासून होती, म्हणजे एकाहून अधिक वेगळी रोपे होती. तरीही नव्वदच्या दशकापासून पुढच्या काही वर्षांत ही जातही युरोपभर फुलली आणि मेली. रोपे वेगळी असली तरी पिढी एकच होती.

म्हणून वेगवेगळ्या ठिकाणांहून रोपे आणली एवढ्याने सुरक्षितता येत नाही. ती वेगवेगळ्या पिढ्यांची असायला हवीत, आणि त्याहून चांगले म्हणजे वेगवेगळ्या जातींची. जुन्या नायटिडाचे तुकडे करून किंवा ऊतीसंवर्धनाने (टिश्यू कल्चरने) वाढवलेली रोपे दिसायला कोवळी, टवटवीत असत, पण ती जुन्याच मोजणीवर चालत. म्हणूनच युरोपातले नर्सरीवाले पुढे ‘नवी पिढी’ असे ठळक लिहून रोपे विकू लागले. ऊतीसंवर्धन केले की झाड नव्याने जन्मते, असा समज आपल्याकडे केळीवरून पडला आहे. तो बांबूला लावू नये.

आपल्या बागेत

महाराष्ट्रातल्या बागांत सर्वांत जास्त दिसतो तो हिरव्या रेघांचा पिवळा बांबू, बांबुसा व्हल्गॅरिसचा ‘व्हिटाटा’ हा प्रकार. ही जात फार क्वचित फुलते आणि फुलली तरी बी धरत नाही म्हणावे इतके ते दुर्मीळ. पेर असलेला काठीचा तुकडा आडवा पुरला तरी रुजतो, त्यामुळे सगळी पैदास तुकड्यांवरच चालते. पुण्यातल्या सोसायटीचे कुंपण आणि नागपूरच्या बंगल्यातले बेट एकाच झाडाचे तुकडे असण्याची शक्यता खूप आहे. म्युरिएलीला निदान बियांनी वाचवले, इथे तो आधारही नाही. सिंधुदुर्गातला माणगा हा बांबूही गड्ड्यांवरच वाढवला जातो, त्यालाही बी क्वचितच धरते.

याउलट मानवेल आणि काटेरी कळक यांना फुलोऱ्यानंतर भरपूर बी येते. कळकाचे चक्र साधारण चाळीस-पन्नास वर्षांचे मानतात. या दोन्हींची बियांपासून केलेली रोपे मिळतात. मोठ्या आवारात, शेताच्या बांधाला लांबलचक कुंपण करायचे असेल तर सगळा बांध एकट्या पिवळ्या बांबूने भरू नये असे मी आग्रहाने सांगेन. मधूनमधून बियांची मानवेल लावावी. कुंपण एकसारखे दिसणार नाही, पण एका मोसमात सगळे उघडेही पडणार नाही.

रोप घेताना नर्सरीवाल्याला विचारावे की हे बियांचे आहे की गड्ड्याचे, आणि गड्ड्याचे असेल तर मूळ बेट कुठले. त्याला माहीत असेलच असे नाही, पण उत्तर मिळाले तर ते जात, ठिकाण आणि वर्ष यांसह वहीत लिहून ठेवावे. ही वही बागेच्या पुढच्या मालकाला उपयोगी पडेल, कारण बांबूचे आयुष्य बहुधा घराच्या मालकीपेक्षा लांब असते. मूळ बेटाला फुले आल्याचे कळले तर तुमच्याही बेटाकडे त्या वर्षापासून लक्ष ठेवा.

आणि बी धरणाऱ्या जातीचे बेट फुललेच, तर ओंब्या वाळेपर्यंत खाली कापड किंवा जुनी साडी पसरून बी गोळा करावे. उंदरांआधी तुम्ही पोचलात तरच ते मिळेल. बांबूचे बी फार दिवस टिकत नाही, म्हणून ते डब्यात भरून पुढच्या पावसाची वाट पाहू नका. लगेच ट्रेमध्ये, माती आणि कुजलेले शेणखत यांच्या भुसभुशीत मिश्रणात पेरा, वर बारीक जाळी लावा आणि सावलीत ठेवा. वाळलेल्या काठ्या कापून वेलांच्या मांडवाला वापरा. खालचा गड्डा लगेच खणायला जाऊ नका, हिरवा असताना तो पहारीलाही दाद देत नाही. वर्षभर तसाच राहू द्या. कुजून मऊ झाला की कुदळीने निघतो आणि तोवर ट्रेमधली रोपे पिशवीत लावण्याएवढी झालेली असतात.